कुंपणच शेत खाते : घटनादुरुस्त्या आणि आपला सातबारा



मागच्या बैठकीत घटनेचा विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उठून उभा राहिला. म्हणाला, "घटना दिल्लीमा शे, मन्हं वावर आठे शे. दोन्हीस्ना काय संबंध?" मंडळी हसली. आम्हीही हसलो. पण घरी जाताना प्रश्न डोक्यातून जाईना. कारण म्हाताऱ्याने विचारले तेच जिल्ह्यातला प्रत्येक कापूसवाला, प्रत्येक ज्वारीवाला मनात विचारत असतो. पाऊस लांबला, बोंडअळी पडली, भाव पडला, यात घटना कुठे आली?

घटना आली आहे. आपल्या वावरात ती १९५१ सालीच आली आणि तेव्हापासून बांधावर बसून आहे. आपल्याला ती दिसत नाही, कारण ती दाखवायला आजवर आपल्याकडे कोणी आले नाही. सरकारला खेड्याची वाट माहीत नाही असे नाही. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच शहादे तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी वाटला गेला. त्या दिवशी सगळी दिल्ली टेंभलीत हजर होती. क्रमांक द्यायला दिल्ली गावापर्यंत येते. पण आपला हक्क काढून घेतला जातो तेव्हा दवंडीसुद्धा पिटली जात नाही. म्हणून ही दवंडी आज आम्हीच पिटतो.

मूळ सौदा काय होता

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार आणि त्याचे सोबती इंग्रजाच्या गोळीने पडले. ती शाळकरी पोरे होती. अशा पोरांच्या रक्तातून जे राज्य आले त्याने २६ जानेवारी १९५० रोजी तुम्हाआम्हाला एक लेखी वचन दिले. तेच मूलभूत हक्क. त्यात बोलण्याचा हक्क होता, धंद्याचा हक्क होता, आणि मालमत्ता मिळवण्याचा, राखण्याचा, विकण्याचाही हक्क होता. कलम १३ ने सांगितले की या हक्कांना बाधा आणणारा कायदा रद्द समजला जाईल. कलम ३२ ने सांगितले की हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावा.

साध्या भाषेत सांगायचे तर सरकार आणि शेतकरी यांच्यात भांडण झाले तर निवाडा तिसरा माणूस करेल, असा हा सौदा होता. गावातल्या बांधाच्या भांडणातही आपण हेच मागतो. ज्याने बांध कोरला त्यालाच पंच करत नाही.

हा सौदा दीड वर्षही टिकला नाही. १८ जून १९५१ रोजी पहिली घटनादुरुस्ती झाली. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली. म्हणजे ज्या सभागृहाने ही दुरुस्ती केली त्याला तुमच्याआमच्या आजोबाने मत दिलेलेच नव्हते. चार महिने थांबून लोकांना विचारता आले असते. विचारले नाही.

त्या दुरुस्तीने घटनेत ३१-अ आणि ३१-ब ही दोन कलमे घातली आणि शेवटी एक यादी जोडली, नववे परिशिष्ट. ३१-ब चा अर्थ असा की या यादीत ज्या कायद्याचे नाव पडले तो कायदा मूलभूत हक्क तुडवत असला तरी रद्द ठरणार नाही. कोर्टाने आधी रद्द ठरवला असला तरीही तो जिवंत. सरकारने बांध कोरला आणि पंचाला गावाबाहेर काढले.

आम्ही जमीनदाराचे वकील नाही

इथे कोणी म्हणेल, हे तर जमीनदारीची बाजू घेत आहेत. म्हणून नीट सांगतो. बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटण्याच्या उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये रद्द केला आणि त्यावर तोड म्हणून ही यादी आली. पहिल्या यादीत १३ कायदे होते. त्यात दुसराच कायदा आपल्या मुंबई राज्याचा, १९४८ चा कुळकायदा होता. आपण तेव्हा पश्चिम खानदेशात होतो. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन धरून कसणाऱ्या कुळांना मालक केले गेले. आज या मेळाव्याला येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या सातबाऱ्यावर नाव लागले ते त्या कायद्याने. त्या कायद्याला आम्ही नावे ठेवत नाही. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे चांगलेच झाले.

आमचे म्हणणे दुसरे आहे. ढोरे शिरू नयेत म्हणून वावराला कुंपण घातले. पण नंतर त्या कुंपणाआड काय काय लपवले गेले ते बघा.

१९६४ साली सतराव्या दुरुस्तीने महाराष्ट्राचा १९६१ चा शेतजमीन कमाल मर्यादेचा कायदा यादीत गेला. १९७५ साली, आणीबाणीत, मिसा यादीत गेला. मिसा म्हणजे माणसाला खटल्याशिवाय तुरुंगात डांबायचा कायदा. त्याचा जमीन सुधारणेशी काय संबंध? १९७६ साली जीवनावश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा त्यात गेला. त्याने कोणत्या कुळाला जमीन मिळाली? १३ कायद्यांची यादी वाढत वाढत १९९५ साली २८४ वर गेली. कुंपणच शेत खाते म्हणतात ते हेच.

शहराला एक, शेताला एक

आता कमाल मर्यादेचे बघू. आपल्या राज्यात कोरडवाहू जमिनीला ५४ एकराची मर्यादा आहे आणि बारमाही बागायतीला १८ एकराची. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पाच एकर मुरमाड, आम्हाला ५४ शी काय करायचे? खरे आहे. पण न्याय कसा झाला ते बघा. शहरातल्या जमिनीवरही १९७६ साली कमाल मर्यादेचा कायदा झाला आणि तोही नवव्या परिशिष्टात बसवला गेला. १९९९ साली दिल्लीने तो रद्द केला आणि २००७ साली महाराष्ट्रानेही तो सोडून दिला. शहरवाल्यांना अडचण झाली आणि कायदा गेला. कारखान्याला कधी मर्यादा नव्हतीच. शेताची मर्यादा मात्र जशीच्या तशी आहे. जो कायदा शहराला जाचक तो शेताला पोषक कसा होतो, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे.

या मर्यादेविरुद्ध महाराष्ट्रातलेच शेतकरी कोर्टात गेले होते. वामनराव विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २४ एप्रिल १९७३ पूर्वी जे कायदे यादीत गेले त्यांना हात लावता येणार नाही, नंतर गेलेले तपासता येतील. ही तारीख केशवानंद भारती खटल्याच्या निकालाची. त्या दिवशी १३ न्यायमूर्तींपैकी सातांनी सांगितले की संसद घटना दुरुस्त करू शकते, पण घटनेचा मूळ गाभा मोडू शकत नाही. पुढे ११ जानेवारी २००७ रोजी कोएल्हो खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तेच पक्के केले.

म्हणजे दार अर्धे उघडले. १९७६ साली यादीत गेलेला जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आज गाभ्याच्या कसोटीवर तपासता येतो. १९६४ साली गेलेला मूळ कमाल मर्यादेचा कायदा यादीमुळे अजून बंदिस्तच. आणि उघडलेल्या दारातून आत जायला वकील लागतो, पैसा लागतो, वर्षे लागतात. हे तिन्ही आपल्या शिवारात पिकत नाही.

पाच एकरवाल्याचे काय अडते

अडते ते बाजारात. जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याच्या जोरावर सरकारांनी धान्याची लेव्ही घेतली, जिल्हाबंदी केली, राज्यबंदी केली, साठ्याला मर्यादा घातल्या. आपल्या वाडवडलांनी ज्वारीची लेव्ही भरली आहे. घरात खायला कण्या आणि सरकारी गोदामात आपली ज्वारी, हे त्यांनी बघितले. आणि हा इतिहास झाला असे समजू नका. जून २०२३ मध्ये तुरीवर साठ्याची मर्यादा घातली ती याच कायद्याने. कपाशीच्या ओळींत आपण तूर टाकतो ती कापूस हुकला तर तुरीने तारावे म्हणून. व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा आली की तो बाजारात हात आखडता घेतो. मग तुरीनेही तारायचे कसे?

कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाची किंमत ठरते ती याच कायद्याखालच्या २०१५ च्या आदेशाने. कोणी म्हणेल, त्याने बियाणे आवाक्यात राहिले. राहिले असेल. पण ज्या हाताने आज पाकिटाचा भाव धरला त्याच हाताने उद्या आपल्या मालाचा भाव दाबला तर दाद कुठे मागायची? फायदा आज आहे, उद्या नाही. हक्क आजही हवा आणि उद्याही.

एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले

आता चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीकडे या. आणीबाणीत बेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७६ साली, घटनादुरुस्तीला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही असे लिहून टाकले होते. लोकांनी १९७७ साली ते सरकार पाडले. नव्या सरकारने १९७८ साली चव्वेचाळिसावी दुरुस्ती केली. तिने मिसाला नवव्या परिशिष्टातून काढले. आणीबाणी आली तरी जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क गुंडाळून ठेवता येणार नाही असे केले. हे मोठे काम झाले. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांनी ते करून घेतले.

पण त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. २० जून १९७९ पासून तो कलम ३००-अ म्हणून उरला : कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही, इतकेच. फरक काय पडला? पूर्वी केवळ जमिनीच्या हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत होते, ती वाट बंद झाली. आता उच्च न्यायालय. म्हणजे आपल्यासाठी संभाजीनगरचे खंडपीठ. आणि तिथे लढायचे ते उतरलेल्या दर्जाच्या हक्कावर.

शहरातल्या माणसाची मालमत्ता म्हणजे त्याची नोकरी, त्याचे शिक्षण, त्याचा फ्लॅट. शेतकऱ्याची मालमत्ता म्हणजे त्याचे वावर. त्याचा धंदा तेच, म्हातारपणाचे पेन्शन तेच, पोरीच्या लग्नाचा आधार तोच. त्याच्या मालमत्तेचा हक्क काढला म्हणजे त्याच्या जगण्याच्या हक्काचा पाया काढला.

हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ साली रस्त्यासाठी सरकारने घेतली. संपादन नाही, मोबदला नाही. तिच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला ८ जानेवारी २०२० रोजी. बाई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. सरकारने कोर्टात काय सांगितले माहीत आहे? इतकी वर्षे जमीन आमच्या ताब्यात आहे, म्हणून आता ती आमचीच. न्यायालयाने हे ऐकले नाही आणि मोबदला द्यायला लावला. पण अर्धशतक गेले. आपल्या जिल्ह्यातही अशी माणसे आहेत. आमच्यातल्याच एकाच्या वावरातून रस्ता गेला, खांब रोवले गेले, आणि तो कागद मागत या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. नाव छापत नाही, त्याला तिथे अजून जायचे आहे.

घटनेत आपल्या बाजूचेही लिहिले आहे

फक्त रडगाणे गाण्यासाठी हा कागद छापलेला नाही. दुरुस्त्यांनी घेतले तसे दिलेही. जे दिले ते आपण वापरत नाही, हा आपलाही दोष आहे.

ज्या सतराव्या दुरुस्तीने १९६४ साली कमाल मर्यादेला कुंपण घातले तिनेच ३१-अ मध्ये एक वाक्य घातले. स्वतः कसणाऱ्याची कमाल मर्यादेच्या आतली जमीन सरकारने घेतली तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला देता येणार नाही. ते वाक्य आजही घटनेत आहे. भूसंपादनाची नोटीस आली की आपण मोबदल्याच्या आकड्यावर घासाघीस करतो. या वाक्यावर कोणी बोट ठेवत नाही.

दुसरे, त्र्याहत्तरावी दुरुस्ती. २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली आणि ग्रामसभा घटनेत आली. त्यातूनच १९९६ साली अनुसूचित क्षेत्रासाठी पेसा कायदा झाला. नवापूर, तळोदे, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण आणि नंदुरबार, शहादे यांतली कितीतरी गावे या क्षेत्रात येतात. जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करा असे पेसा सांगतो, आणि २०१३ चा भूसंपादन कायदा तर अशा क्षेत्रात आधी संमती घ्या असे सांगतो. पण ग्रामसभा भरते कशी? रजिस्टर घरोघर फिरते आणि अंगठे घेतले जातात. कोऱ्या कागदावर अंगठा देणारा शेतकरी घटनेची पाने स्वतःच फाडत असतो.

डोंगरातल्या भावाला आमचा शब्द

आता सर्वात नाजूक गोष्ट. शेतकऱ्याला मालमत्तेचा हक्क परत द्या म्हटले की सातपुड्यातला आदिवासी भाऊ शंका घेतो : म्हणजे माझी जमीन पुन्हा सावकाराला मोकळी? त्याची शंका रास्त आहे. १९७१-७२ साली शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना उभ्या राहिल्या त्या हातातून गेलेल्या जमिनींसाठीच. त्या लढ्याच्या काळातच, १९७४ मध्ये, दोन कायदे आले. एकाने जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायला बंदी केली आणि दुसऱ्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत करण्याची वाट काढली. ते कायदे राहिलेच पाहिजेत. दुबळ्याची जमीन बळकटाने गिळू नये म्हणून घातलेला अडसर वेगळा, आणि सरकारने स्वतःला कोर्टापासून वाचवण्यासाठी घातलेला अडसर वेगळा. पहिला आम्हाला हवा आहे. तो कोर्टासमोर टिकेल असा आमचा विश्वास आहे, कारण तो न्यायाचा आहे.

आणि हक्क नसला की काय होते हे डोंगरातल्या भावाइतके कोणाला कळले? मणिबेलीपासूनची नर्मदाकाठची आपली गावे सरदार सरोवरात गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, पण कितीतरी जणांच्या हातात कागद नव्हता. ज्याच्याकडे कागद नाही तो अतिक्रमणदार ठरला. मालमत्तेचा पक्का हक्क ही श्रीमंताची चैन नव्हे. तो गरिबाचा शेवटचा बांध आहे.

आपले मागणे

घटना लागू झाल्यापासून २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. २०१६ साली जीएसटीची दुरुस्ती करताना निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती घ्यावी लागली. पण मूलभूत हक्कात बदल करायला कलम ३६८ प्रमाणे राज्यांना विचारावे लागत नाही. कर लावायचा तर पन्नास दारे ठोठावायची आणि हक्क काढायचा तर एकही नाही, हा कुठला न्याय?

म्हणून या जिल्हा मेळाव्यात आम्ही तीन ठराव मांडत आहोत.

एक : कलम ३१-ब आणि नववे परिशिष्ट रद्द करा. जो कायदा न्यायाचा असेल तो कोर्टात टिकेल. जो टिकणार नाही तो आपल्याला नको.

दोन : कसणाऱ्याच्या जमिनीचा हक्क पुन्हा मूलभूत हक्कांत घाला, आणि आदिवासींच्या जमिनीच्या संरक्षणाला धक्का लागणार नाही हे त्यातच लिहा.

तीन : जमिनीला किंवा शेतमालाच्या बाजाराला हात घालणारी घटनादुरुस्ती संसदेत जाण्याआधी तिचा मसुदा ग्रामसभेत वाचला जावा, लोकांना कळेल अशा भाषेत : मराठीत, अहिराणीत, भिलीत, पावरीत.

ठराव करून टाळ्या वाजवून घरी जायचे नाही. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावात हे तीन ठराव मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिल्याशिवाय अंगठा देऊ नका. नक्कल मागा आणि जपून ठेवा. गावात एक तरी पोरगा किंवा पोरगी अशी तयार करा की जिला ३००-अ आणि ३१-अ ही कलमे सातबाऱ्यासारखी वाचता येतील.

त्या म्हाताऱ्याला आम्ही त्या दिवशी नीट उत्तर दिले नव्हते. आज देतो. बाबा, घटना दिल्लीत आहे हे खरे. पण तिच्यातली एक ओळ खोडली की तुमच्या वावराचा एक बांध फुटतो. फुटलेला बांध दिल्लीवाला येऊन घालणार नाही. कुदळ आपल्यालाच घ्यावी लागेल.

मेळाव्याला या. येताना शेजाऱ्याला घेऊन या.